‘गायब झालेली जमात’ असं कृपया लिहू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या, कड्यांच्या पोटात बांधलेल्या प्राचीन घरांवर लेख आला होता. आईने तिकडून पेपरचा फोटो काढून मला व्हॉट्सॲपवर पाठवला, सोबत लिहिलं, बघ आपण गेलो होतो तेच. खूप आनंद झाला, खरंच, कारण ही घरं जिथे आहेत त्या कोलोरॅडोतल्या मेसा व्हर्डे पार्कचं नाव मराठी पेपरात क्वचितच दिसतं, इकडे येणारे आपले बहुतेक लोक ग्रँड कॅन्यन, वेगास आणि अँटिलोप कॅन्यन करून परत जातात. पण लेखातलं एक वाक्य वाचून मन खट्टू झालं, की अनासाझी नावाची ही जमात तेराव्या शतकाच्या शेवटी अचानक गायब झाली आणि ती कुठे गेली हे कोडं आजही सुटलेलं नाही. हे सगळं पत्र त्या एका वाक्यासाठी आहे.

ते लोक गायब झालेले नाहीत हो. त्यांची नातवंडं-पतवंडं तिथेच, गाडीने चार-पाच तासांवर राहतात.

आमचं राजापूर तालुक्यातलं घर वर्षातले अकरा महिने बंद असतं, पडवीत पालापाचोळा साठतो, मागच्या पडक्या गोठ्यात झाड उगवलंय. उद्या कोणी परका माणूस त्या वाटेने गेला आणि त्याने लिहिलं की इथे राहणारी माणसं गूढरीत्या नाहीशी झाली, तर आम्हाला कसं वाटेल? आम्ही मुंबईत आहोत, पुण्यात आहोत, मी डेन्व्हरजवळ आहे, गणपतीला दार उघडतं, दिवा लागतो. घराला कुलूप आहे म्हणजे घराला माणसं नाहीत असं नसतं ना.

आधी नावाचंच सांगते. अनासाझी हा त्या लोकांचा स्वतःचा शब्द नाही, तो त्यांच्या शेजारच्या नवाहो लोकांचा शब्द आणि त्याचा अर्थ साधारण ‘शत्रूंचे पूर्वज’ असा घेतात. आपल्या पणज्याला कोणी असं दुसऱ्याने ठेवलेलं नाव लावलं तर आपल्याला चालेल का, तसंच त्यांनाही चालत नाही, म्हणून आता पार्कच्या पाट्यांवर सुद्धा पुएब्लोंचे पूर्वज अशा अर्थाचं नाव असतं. त्यांचेच वंशज असलेले होपी लोक त्यांना हिसात्सिनोम म्हणतात, म्हणजे फार पूर्वीची माणसं. पुएब्लो हा स्पॅनिश शब्द, अर्थ गाव, आणि न्यू मेक्सिकोत आज अशी १९ पुएब्लो आहेत, ताओस, अकोमा, लागुना, झुनी वगैरे, आणि ॲरिझोनात होपींची गावं. त्यातलं होपींचं ओराइबी आणि उंच पठारावरचं अकोमा ही गावं तर आठ-नऊशे वर्षं सलग नांदती आहेत, म्हणजे मेसा व्हर्डेच्या कड्यात लोक राहत होते तेव्हाही या गावांत चुली पेटत होत्या आणि आजही पेटतात.

मग कड्यातली घरं सोडून गेले कशाला, तर मोठं कारण दुष्काळ. १२७६ ते १२९९, जवळजवळ चोवीस वर्षं पाऊस नीट झालाच नाही. हे साल एवढं नेमकं कसं कळतं याचं मला पहिल्यांदा फार नवल वाटलं होतं, ते कळतं घरांच्या तुळयांवरून. झाडाच्या खोडात दरवर्षी एक वलय वाढतं, पाऊस चांगला झाला तर रुंद, दुष्काळ असला तर केसासारखं बारीक, आणि एका भागातल्या सगळ्या झाडांत हा रुंद-बारीक क्रम सारखाच येतो. ए. ई. डग्लस नावाच्या एका खगोलशास्त्रज्ञाने जिवंत झाडांपासून मागे मागे जात जुन्या तुळयांची वलयं एकमेकांत जुळवायला घेतली, मधला एक दुवा सापडत नव्हता, तो १९२९ मध्ये ॲरिझोनातल्या शो लो गावात मिळालेल्या एका जळक्या तुळईने जोडला गेला, आणि त्या दिवसापासून कुठलं घर कोणत्या वर्षी बांधलं हे सांगता यायला लागलं. मी आईला हे सांगितलं तर तिने लगेच हिशोब केला, माऊलींचा जन्म १२७५चा, समाधी १२९६ची, म्हणजे आपल्याकडे आळंदी-नेवासं घडत होतं नेमक्या त्याच वर्षांत इकडे आभाळाने पाठ फिरवली होती.

दुष्काळाशिवाय बाकीचंही होतंच, माणसं वाढली होती, जवळपासचं लाकूड तोडून संपत आलं होतं, आपसात मारामाऱ्या झाल्या होत्या. मग कुटुंबामागून कुटुंबं दक्षिणेकडे सरकली, काही रिओ ग्रँडे नदीच्या काठी, काही झुनीकडे, काही होपींच्या पठारांवर. पाणी नाही म्हणून गाव सोडणं म्हणजे काय हे माणदेशातल्या नाहीतर मराठवाड्यातल्या माणसाला वेगळं समजवावं लागत नाही, त्याला कोणी कोडं म्हणत नाही. आणि होपी लोक स्वतः सांगतात ते आणखी वेगळं आहे. त्यांच्या मते हे फिरणं ठरलेलंच होतं, प्रत्येक कुळाने फिरत फिरत शेवटी आपल्या जागी पोचायचं आणि वाटेत पाऊलखुणा ठेवत यायचं. पाऊलखुणा हा मी लावलेला शब्द नाही, त्यांच्या भाषेत या मोडक्या घरांना, खापरांना, दगडावरच्या चित्रांना पूर्वजांच्या पाऊलखुणाच म्हणतात.

गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये आई आली होती तेव्हा तिला मुद्दाम क्लिफ पॅलेसला घेऊन गेलो. मेसा व्हर्डेत अशी कड्यातली घरं सहाशेच्या आसपास आहेत, त्यातलं हे सगळ्यात मोठं, साधारण १५० खोल्या आणि २३ किवा, म्हणजे जमिनीखालच्या गोल खोल्या. समोरच्या काठावरून पाहिलं की कोणी मखरात आरास मांडून ठेवलीय असं वाटतं, वर खडकाचं प्रचंड छप्पर, खाली पिवळसर दगडाचे चौकोनी आणि गोल बुरूज, छोट्या छोट्या काळ्या खिडक्या. आई ६८ वर्षांची, गुडघे दुखतात, मी म्हटलं वरूनच बघू, तर म्हणाली एवढ्या लांब आले ते वरून बघायला का, आणि शिड्या चढली-उतरली.

एका भिंतीपाशी ती थबकली, मला म्हणाली अगं हे बघ, बोटं. दोन दगडांच्या मधल्या मातीत चार बोटं दाबल्याची खूण होती, दगडांच्या फटीत बारीक चिपा खोचून वरून माती आत ढकलली होती तिची. बोटं लहान होती, बाईची असतील नाहीतर हाताशी आलेल्या पोराची. आमचं जुनं घर मातीचं होतं, दर दिवाळीआधी आईने वर्षानुवर्षं त्या भिंती लिंपल्यात, त्यामुळे ती बोटं कुठून सुरू होऊन कुठे वळली हे तिला एका नजरेत कळलं, आठशे वर्षांपूर्वीचं असूनही. तिचा हात आपोआप पुढे गेला. रेंजर बाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, प्लीज, हाताचा घाम आणि तेल भिंतीला लागतं. आईने हात मागे घेतला आणि दोन्ही हात जोडले. त्या बाईंना काय वाटलं माहीत नाही, त्यांनीही मान लववली. मला तो क्षण कधी विसरता येणार नाही.

तिथे बघायला इतकं आहे ना! मका दळायचे दगडी पाटे, खडकावर कुऱ्हाडीला धार लावून लावून पडलेल्या गुळगुळीत खाचा, वरच्या खडकाला धुराने आलेली काजळी. रेंजर बाईंनी काही खोल्यांच्या आतल्या भिंतींचे फोटो दाखवले, खाली तांबडा पट्टा आणि वर पांढरा लेप, आई म्हणाली ही तर आपली गेरू-चुन्याची भिंत. आणि किवा, छपरातून शिडीने आत उतरायचं, पूजाविधी तिथे, बैठका तिथे, थंडीत ऊब पण तिथेच. मध्ये आगटी, बाहेरून हवा आत यायला भिंतीतून झरोका, आणि ती हवा थेट जाळावर येऊ नये म्हणून झरोका आणि आगटीच्या मध्ये एक उभा दगड, म्हणजे धूर वर जातो आणि खाली ताजी हवा फिरत राहते, पंखा नाही काही नाही. जमिनीत एक वाटीएवढं भोक असतं, त्याला सिपापू म्हणतात, पहिली माणसं खालच्या जगातून जिथून वर आली त्या जागेची ती खूण. हे सगळं जुन्या काळातलं म्हणून सांगितलं जातं, पण आजच्या पुएब्लो गावांतही किवा आहेत आणि तिथले विधी चालू आहेत, बाहेरच्यांना तिथे जाता येत नाही आणि जाऊ पण नये.

दुसऱ्या दिवशी मी आणि नवरा तिथल्याच पेट्रोग्लिफ पॉइंटच्या वाटेने गेलो, जाऊन येऊन चारेक किलोमीटर, खडकांच्या फटींमधून, आईला ते जमलं नसतं. शेवटी एका सरळ कातळावर हाताचे ठसे, मेंढ्या, माणसं, सरडे, चक्राकार रेघा. चित्र काढायची पद्धत अशी की वाळवंटातल्या दगडावर हजारो वर्षांत लोह आणि मँगनीजची काळसर साय चढते, ती टणक दगडाने ठोकून ठोकून उडवायची, खालचा फिका दगड उघडा पडतो. ठोकलेल्या भागावर परत हळूहळू साय चढते म्हणून जुनं चित्र गडद आणि नवं उजळ दिसतं, एकाच कातळावर पिढ्यांचा फरक नुसत्या डोळ्यांनी कळतो. १९४२ मध्ये ॲरिझोनातून चार होपी माणसं ही चित्रं बघायला आली होती आणि त्यांनी त्यातली काही वाचून दाखवली, हे गरुड कुळाचं, हे रानमेंढी कुळाचं, हा चक्राकार म्हणजे माणसं जमिनीतून वर आली ती जागा. साडेसहाशे वर्षं झाली होती घरं सोडून आणि तरी त्यांना आपल्या कुळाचं चिन्ह ओळखता आलं! आता सांगा, कोडं कुणासाठी आहे?

मी हे सारखं सारखं का म्हणतेय, तर आमच्या तिकडे बारसूच्या सड्यावर, देवाचे गोठणेला, रुंढे तळीला कातळशिल्पं आहेत, लहानपणी आम्ही त्यांच्यावरून चालत शाळेत गेलोय. २०२२ मध्ये कोकण-गोव्यातली ती शिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, अभिमान वाटला. पण ती कोणी कोरली, त्याचा अर्थ काय, हे विचारायला आपल्याकडे कोणीच उरलेलं नाही, आजी नुसतं पांडवांचं म्हणायची. होपींकडे, झुनींकडे विचारायला माणसं आहेत, जिवंत आहेत, आपली भाषा बोलतात, आणि आपण त्यांनाच गायब म्हणायचं, हे मला फार लागतं.

आता एक आमच्याच घरातली गोष्ट सांगते. मेसा व्हर्डेनंतर आम्ही पश्चिमेला युटात गेलो, बेअर्स इअर्स भागात, म्यूल कॅन्यनमध्ये. तिथे खडकाच्या कपारीत चार-पाच धान्याच्या कोठ्या आहेत आणि वरच्या खडकाच्या रंगीत रेषा सकाळच्या उन्हात अशा दिसतात की छपराला आग लागलीय असं वाटतं. रखवालदार नाही, कुंपण नाही, फक्त एक पाटी. परत येताना गाडीजवळ पोचलो आणि माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने खिशातून रुपयाएवढं खापर काढलं, पांढऱ्यावर काळ्या बारीक तिरक्या रेघा, इतक्या सरळ की छापल्यासारख्या. नवरा म्हणाला कायद्याने गुन्हा आहे, अशा सरकारी जमिनीवरून एक तुकडा सुद्धा उचलता येत नाही. ते खरंच आहे. पण मुलाला समजलं ते आजीचं बोलणं, ती म्हणाली बाळा, कुणाच्या तरी घरातलं भांडं आहे ते, त्यांना विचारलंस का? त्याचे डोळे भरले. ऊन चढलं होतं, पाणी कमी राहिलं होतं, तरी मी आणि तो दीडेक किलोमीटर परत चालत गेलो, त्याला नेमकी जागा आठवत होती, एका जुनिपरच्या मुळाशी, तिथे त्याने ते रेघांची बाजू खाली करून ठेवलं जशी मिळाली होती तशी. पाऊलखूण हलवली की ती पाऊलखूण राहत नाही, हे मला स्वतःला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं.

त्याच दुपारी दुसऱ्या एका जागी आपल्याकडचा एक टूर ग्रुप भेटला, मराठी ऐकून मी धावत गेले. पण काही जण पडक्या भिंतीवर बसून फोटो काढत होते आणि त्यांचा गाइड काही बोलत नव्हता. मी सांगितल्यावर ते सगळे लगेच उठले, एका काकांनी तर सॉरी म्हटलं, म्हणजे माणसं वाईट नव्हती, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. हे ज्याचं घर आहे तो माणूस आज आहे हे माहीत असतं तर कोणी बसलं नसतं. मोकळ्या पडक्या भग्नावशेषावर आपण बसतो, दुसऱ्याच्या ओट्यावर न विचारता नाही बसत.

आणि या गायब शब्दाने पूर्वी किती नुकसान केलंय ते पण लिहायला हवं. मालक कोणी नाही असं म्हटलं की उचलायला सगळे मोकळे. १८९१ मध्ये गुस्ताफ नॉर्डेनशेल्ड नावाच्या स्वीडिश तरुणाने मेसा व्हर्डेत खोदून शेकडो वस्तू आणि माणसांचे सांगाडे सुद्धा खोक्यांत भरून रेल्वेने पाठवायला काढले, दुरँगोला त्याला अटक झाली पण असा कायदाच नव्हता म्हणून सोडून द्यावं लागलं, आणि तो सगळा संग्रह शेवटी फिनलंडला हेलसिंकीच्या म्युझियममध्ये गेला. १९०६ मध्ये प्राचीन वस्तूंचा कायदा आला आणि त्याच महिन्यात मेसा व्हर्डे नॅशनल पार्क झालं. पण ती माणसं परत यायला २०२० साल उजाडलं, वीसेक जणांचे अवशेष आणि त्यांच्यासोबत पुरलेल्या २८ वस्तू, होपी, झुनी, अकोमा आणि झिया या लोकांनी मागून घेतले आणि मेसा व्हर्डेतच परत मातीत ठेवले. एकशे एकोणतीस वर्षांनी आपल्या आजोबांना घरी आणणाऱ्या लोकांना गायब कसं म्हणणार?

इतिहासात तरी ते कुठे गप्प होते. स्पॅनिश लोकांनी त्यांचे किवा जाळले, धर्म बुडवायला निघाले, तेव्हा १६८० मध्ये (महाराज गेले तेच साल) पोपे नावाच्या पुढाऱ्याने गावोगाव धावपटू पाठवले, हातात गाठी मारलेल्या दोऱ्या, रोज एक गाठ सोडायची, शेवटची गाठ सुटली की सगळ्यांनी एकदम उठायचं. उठले, आणि बारा वर्षं स्पॅनिश लोकांना न्यू मेक्सिकोतून बाहेर ठेवलं. आणि आत्ताचं बघायचं तर २०२१ ते २०२५ अमेरिकेच्या अंतर्गत (इंटीरियर) खात्याच्या मंत्री डेब हालँड होत्या, लागुना पुएब्लोच्या. हे खातं म्हणजे ज्याच्या हाताखाली हे सगळे नॅशनल पार्क येतात ते. त्यांच्याच काळात २०२३ मध्ये न्यू मेक्सिकोत याच पूर्वजांची मोठी घरं असलेल्या चाको कॅन्यनच्या भोवती दहा मैलांपर्यंत सरकारी जमिनीवर तेल आणि गॅसचे नवे पट्टे द्यायला वीस वर्षं बंदी आली. तिथे जमिनी असलेल्या काही नवाहो कुटुंबांचा त्याला विरोध होता, उत्पन्न जाईल म्हणून, आणि त्यांचं म्हणणं पण ऐकण्यासारखं आहे.

चाकोबद्दल लेखात काहीच नव्हतं, त्यावर पुढे कधीतरी वेगळं छापा. शेवटचा वीसेक किलोमीटरचा रस्ता कच्चा आहे, आत पेट्रोल नाही, हॉटेल नाही, पण पुएब्लो बोनितो बघून छाती दडपते, सहाशेच्या वर खोल्या, चार मजले, ८५० ते ११५० या काळात वाढवत वाढवत बांधलेलं. छपराच्या तुळया पाऊणशे किलोमीटर लांबच्या डोंगरांतून आणलेल्या, चाक नाही, बैल नाही, माणसांच्या खांद्यावरून. आणि तिथल्या मडक्यांत चॉकलेटचे अंश सापडलेत, म्हणजे कोकोच्या बिया थेट दक्षिणेकडून, मेक्सिकोच्या बाजूने यायच्या.

आपले आईवडील इकडे येतात तेव्हा दोन दिवस जास्त काढून त्यांना इकडे जरूर आणा असं मी सगळ्यांना सांगते. क्लिफ पॅलेसची तिकिटं आधी ऑनलाइन काढावी लागतात आणि लवकर संपतात, पाणी भरपूर ठेवा, बाल्कनी हाउसला ३२ फुटी शिडी आणि सरपटत जायचा बोगदा आहे तो वयस्कर लोकांना झेपेलच असं नाही, भिंतीला टेकू नका, चित्रांवर हात फिरवू नका, रखवालदार नसलेल्या छोट्या जागांचं लोकेशन फोटोसोबत टाकू नका. आणि जमलं तर अकोमाला किंवा होपींच्या गावालाही जा, गाइड घेऊन, त्यांचे नियम पाळून, होपींच्या गावांत फोटो काढायला बंदी आहे तर फोन खिशात ठेवून. नुसती पडकी घरं बघून परत आलं तर दर्शन अर्धंच होतं.

माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे की पुढच्या रविवारी त्याच पुरवणीत चार ओळींचा खुलासा छापा, की हे लोक गायब झालेले नाहीत, त्यांचे वंशज पुएब्लो लोक न्यू मेक्सिको आणि ॲरिझोनात राहतात. लेखकांबद्दल माझ्या मनात काही नाही, त्यांनी फार मनापासून लिहिलंय. खुलासा आला की आई कात्रण काढून ठेवणार आहे, माझ्या मुलाला दाखवायला.

आपली नियमित वाचक,
डेन्व्हर, कोलोरॅडो (मूळ राजापूर तालुका)